जमिनीला न लागलेले बूट

माझ्या मुलीचे, अंजूचे, दोन्ही पाय जन्मतः आत वळलेले होते. तळवे एकमेकांसमोर, नमस्काराला जोडलेल्या हातांसारखे. दवाखान्यात याला क्लबफूट म्हणतात, आमच्या पाड्यावर नुसतं ‘वाकडे पाय’. उपचार अजून चालू आहेत आणि काही वर्षं चालणार आहेत. पण आमच्यासारख्या घरात हे दुखणं कसं निभावलं जातं ते कुणी लिहिलेलं मला तेव्हा सापडलं नाही, म्हणून मी लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. मी बोर्डीला बारावीपर्यंत शिकले, लग्न होऊन तलासरीच्या पूर्वेच्या डोंगरातल्या गावी आले, शिवणकाम करते. आणि मला लहानपणापासून चौकशा करायची खोड आहे, ती आईने मारून पाहिली तरी गेली नाही.

गुंडाळलेलं बाळ

नर्सबाईंनी बाळ माझ्याजवळ दिलं तेव्हा ते गळ्यापासून खाली इतकं घट्ट गुंडाळलेलं होतं की मला तिथेच शंका आली. बाहेर आषाढातला उकाडा, आणि एवढं गुंडाळायचं कशाला? मी फडकं सोडायला लागले, तशी माझी सासू म्हणाली, “राहूदे गं. मंग बघ.” मग मी सोडलंच.

पहिल्यांदा काय वाटलं, ते खरं सांगते. भीती वाटली नाही, रडूही आलं नाही. मी बोटाने एक पाय हळूच सरळ करून पाहिला. तो थोडा आला आणि सोडल्यावर परत गेला. मी दुसरा करून पाहिला. तोही तसाच. मला वाटलं, हे आत कशाने धरून ठेवलंय? भीती त्यानंतर आली, रात्री, आणि आली ती चांगली मुक्कामाला आली.

नर्सबाई म्हणाल्या, “घाबरू नको, हे सरळ होतं. डहाणूला दर गुरुवारी डॉक्टर येतात, लवकर ने.” दुखणं मोठं असलं की लोक असंच गोड बोलतात, हे मला ठाऊक होतं, म्हणून माझा विश्वास बसला नाही.

ग्रहण

बाळ बघायला येणारी प्रत्येक बाई आधी पायांकडे बघायची आणि मग माझ्याकडे. “गिराणात बाहेर निघालीस काय?” पोटुशी बाईने ग्रहण पाहिलं, काही चिरलं, पाय दुमडून बसली, तर बाळात खोट येते असं आमच्याकडे पक्कं मानतात. तिसऱ्या की चौथ्या बाईला मी सांगून टाकलं, “हो, पाहिलं. परातीत पाणी घेऊन त्यात पाहिलं. फार सुंदर दिसत होतं.”

ती बाई चहा अर्धा टाकून उठली. सासूबाई त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत. माझा नवरा दिनेश एका कंपनीत पॅकिंगला आहे. तो घरी आला तेव्हा त्याला एवढंच कळलं की दोघींनी दोन वेगवेगळ्या चुलींवर भात लावलाय.

डहाणूच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना मी पहिला प्रश्न हाच विचारला. “ग्रहणाने होतं का?”

“नाही.”

“मग कशाने होतं?”

त्या माझ्यापेक्षा वयाने लहानच असतील. त्या म्हणाल्या, “नक्की कुणालाच माहीत नाही. तुम्ही केलेल्या कशानेही झालेलं नाही, एवढं माहीत आहे.”

इतके दिवस सगळ्यांना सगळं माहीत होतं. ‘माहीत नाही’ म्हणणारं पहिलं माणूस भेटलं, आणि मला तिथे खुर्चीत बसून रडू फुटलं. त्याच क्षणी माझा त्या बाईवर विश्वास बसला.

गुरुवार

दर गुरुवारी पहाटे निघायचं. पाड्यावरून रिक्षाने तलासरी, तिथून एसटीने डहाणू. सासूबाई सोबत असायच्या, कारण दिनेशला रजा मिळायची नाही. दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात पाण्याच्या टबात बसवून आठवड्यापूर्वीचं प्लास्टर भिजवायचं आणि उलगडायचं. बोटांपासून थेट मांडीपर्यंत प्लास्टर असतं. ते निघालं की आठवडाभर न धुतलेला, सालं सुटलेला, आंबूस वासाचा एवढासा पाय बाहेर यायचा. नवीन प्लास्टर लागेपर्यंतचा तो थोडासा वेळ अंजूला पाय धुवायला, तेल लावायला, लाथा मारायला मिळायचा. तो वेळ वाया घालवू नका. मी सुरुवातीचे दोन गुरुवार नुसती रांगेची काळजी करत बसले होते.

प्लास्टर लावणारे काका उंबरगावकडचे. त्यांची भाषा अर्धी गुजराती, अर्धी आपली. “बेन, गुडघा पकडा. जोरथी नाय, प्रेमथी.” डॉक्टरीणबाई पाय हळूहळू बाहेर वळवायच्या, आणि तो जेवढा वळेल तेवढ्यावर काका प्लास्टर गुंडाळायचे. जबरदस्ती अजिबात नाही. कोवळा बांबू वळवतात तसं, दर आठवड्याला थोडंसं.

मी विचारायची, हे आत काय आहे, ते कुठे सरकलं, आता काय राहिलं. एकदा बाईंनी माझं बोट धरून अंजूच्या टाचेवर ठेवलं. तिथे मऊच मऊ लागलं. “हाड कुठे आहे?” मी विचारलं. त्यांनी माझं बोट वर सरकवलं. टाचेचं हाड वर ओढलेलं होतं, मागून एक शीर त्याला धरून होती. तोपर्यंत टाच म्हणजे काय याचा मी आयुष्यात विचार केला नव्हता. घरी येऊन मी दिनेशची टाच चाचपून पाहिली, सासूबाईंची पाहिली. त्या म्हणाल्या, “हिला याड लागला.”

रांगेत वरोरची एक कोळीण भेटली. तिच्या नातवाचे उपचार आमच्यापेक्षा काही आठवडे पुढे होते. तिने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, बोटांकडे बघत राहायचं, गुलाबी असली की बरं, काळीनिळी झाली की उलट्या पावली दवाखाना. दुसरी, लंगोट प्लास्टरच्या काठात खोचायचा नाही, नाहीतर मुतात प्लास्टर भिजतं आणि आठवडा फुकट. ही दुसरी गोष्ट कुठल्याही कागदावर लिहिलेली नव्हती. मी घरी येऊन बाजूने नाडीने बांधायच्या चड्ड्या शिवल्या, आणि पुढच्या गुरुवारी तिच्या नातवालाही दोन नेऊन दिल्या.

शेवटी टाचेमागची शीर सुईच्या टोकाएवढ्या जागेतून सोडवली. त्या दिवशी दिनेश मुद्दाम रजा टाकून आला होता, मला धीर द्यायला. अंजू एकदा किंचाळली आणि दूध प्यायला लागली. दिनेशला मात्र बाकावर आडवं करून काकांनी पाणी मारलं.

दांडीचे बूट

प्लास्टरं संपली की काम संपलं असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं. पण सरळ झालेले पाय परत आत जायला टपलेलेच असतात. म्हणून दोन छोटे बूट मिळतात, मधे लोखंडी दांडी, पाय बाहेरच्या बाजूला वळवून धरणारे. आधी काही महिने जवळजवळ दिवसभर, मग चार-पाच वर्षांची होईपर्यंत रात्री झोपताना. बाईंनी मला बजावून सांगितलं होतं, “प्लास्टरने पाय सरळ होतो, बुटांनी सरळ राहतो. बूट सुटले की पाय गेला. मग परत प्लास्टर, आणि फारच झालं तर मोठं ऑपरेशन.”

अंजू पहिले चार दिवस रडली, मग तिला दांडीने खाटेच्या कडेवर टकटक करायचा नाद लागला. सगळं छान चाललं होतं. आणि मग भात कापायला आला.

इथे थोडं सांगावं लागेल. आमच्याकडे धान्य म्हणजे कणसरी, ती देवी आहे. घरात बांबूची मोठी कणगी असते, शेणाने लिंपलेली, तिच्यात वर्षाचा भात भरतात. पावसाळ्यात ती रिकामी असते, त्यामुळे तेव्हा बुटांवर सासूबाई नुसत्या कुरकुरल्या. पण नवा भात कणगीत आला त्या संध्याकाळी त्यांनी अंजूच्या पायातले बूट काढले आणि बाहेर ओट्यावर, आमच्या सगळ्यांच्या चपलांच्या वर, खुंटीला टांगले.

“घरात कणसरी आली. आता जोडं घरात नाय.”

मी भांडले. आवाज चढवून भांडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “वाट्टेल तितका ओट्यावर घाल. घरात नाय.” दिनेश म्हणाला, “थोडे दिवस जाऊ दे. आईला कशाला दुखवायचं?” त्याला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग मी दिवसा ओट्यावर बूट घालून तिला घेऊन बसायची. शिवणाचं मशीनही ओट्यावर आणलं. पण थंडी पडली होती, आणि एवढ्याशा लेकराला रात्री उघड्यावर कशी झोपवणार? रात्री ती आत झोपायची, पाय मोकळे सोडून. रात्रीच तर ते बांधायचे होते.

सासूबाई काही दुष्ट नाहीत. प्रत्येक गुरुवारी अंजूला छातीशी धरून त्याच एसटीत उभ्या राहिल्या होत्या. पण मागे एका वर्षी आमच्या शेतातला भात पार करपला होता, आणि त्या वर्षी घरात कोण चप्पल घालून आलं होतं ते त्यांना अजून नावासकट आठवतं. त्यांना पाय हवे होते आणि कणसरीही. आणि मला पाय सोडून काहीच दिसत नव्हतं.

परत प्लास्टर

पुढच्या तपासणीला बाईंनी अंजूचा डावा पाय हातात घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. टाच वर सरकायला लागली होती. “रात्री बूट घालता ना?”

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी सरळ सांगितलं, “रातचं नाय. घरात नवा दाणा आलाय. जोडं घरात कसं आणाचं?”

मला वाटलं, आता बाई आम्हाला फैलावर घेणार. त्या रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, “डाव्याला परत प्लास्टर लागेल. या वेळी येईल सरळ. दर वर्षी असंच झालं तर हाड कडक होत जाईल, मग मला नाही जमणार.” काकांनी पट्ट्या भिजवल्या. त्या दिवशी त्यांनीही ‘प्रेमथी’ म्हटलं नाही.

येताना एसटीत आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. अंजू सासूबाईंच्या मांडीवर, माझ्या मांडीवर बुटांची पिशवी. माझ्या मनात भांडणाची सगळी वाक्यं तयार होती. ती बाहेर काढणार, तेवढ्यात मला एक गोष्ट जाणवली आणि माझं मलाच नवल वाटलं. शीर, हाड, प्लास्टर, ग्रहण, सगळ्याची मी चौकशी केली होती. पण चप्पल घरात का चालत नाही, हे मी कधी विचारलंच नव्हतं. बोर्डीलाही आम्ही चपला बाहेरच काढायचो. ते गृहीतच धरलं होतं.

“आये, जोडं कणसरीला का चालत नाय?”

त्यांना वाटलं मी टोमणा मारतेय. मग माझ्या तोंडाकडे बघून कळलं की खरंच विचारतेय.

“का म्हंजे? जोडं कुठं कुठं जातं. गुवात जातं, गटारात जातं, मसणात जातं. तिथली माती घरात येते. ती मातीच वंगाळ.”

“म्हणजे माती चालत नाय. जोडं चालतं?”

“जोड्याला मातीच असते ना, बाय.”

मी काहीच बोलले नाही. खरंच नाही बोलले, कारण मलाही पुढचं सुचलं नव्हतं. एसटी वळणावर कलली, पिशवी माझ्या मांडीवरून घसरायला लागली, आणि सासूबाईंनी ती धरली. त्यांनी आत हात घालून एक बूट काढला. पालथा केला. तळाकडे बघितलं, मग अंगठ्याने घासून अंगठा बघितला. दुसरा बूट काढला, त्याचंही तसंच केलं. समोरच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला.

“हा तं कोरा हाय,” त्या म्हणाल्या.

“ती चालतच नाय ना अजून.”

“एकदा पण खाली लागला नाय?”

“नाय.”

तलासरी येईपर्यंत त्या बूट तसाच हातात धरून बसल्या होत्या.

नवा नियम

डाव्या पायाचं प्लास्टर निघालं त्या दिवशी सासूबाईंनी बूट ओल्या फडक्याने पुसले, दांडीला हळदीकुंकू लावलं, कणगीसमोर धरून काहीतरी पुटपुटल्या आणि स्वतःच्या हाताने अंजूच्या पायात घातले. पट्टे चुकीच्या भोकात अडकवले, ते मी नंतर गुपचूप नीट केले.

त्या दिवसापासून बुटांना एकच नियम लागू झाला. जमिनीला लावायचे नाहीत. काढले की खाटेवरसुद्धा नाही, थेट आढ्याला टांगलेल्या छोट्या झोळीत. ही बुटांची झोळी सासूबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याची केली. एकदा आरोग्य खात्याच्या आशाताई घरी आल्या आणि बूट हातात घेऊन बघता बघता त्यांनी ते खाली ठेवले. सासूबाईंनी त्यांना असं झापलं की त्या बिचाऱ्या पुढच्या वेळी ओट्यावरूनच बोलल्या. दिनेश म्हणायचा, एवढा मान आपल्या घरात मलासुद्धा नाही.

पण एकही रात्र चुकली नाही. मी दमून विसरले तर सासूबाई आठवण करायच्या, “तिचा बूट?” दवाखान्यात बाई म्हणायच्या, डावी टाच छान खाली आली आहे. त्यांनी एकदा विचारलं, घरचं कसं जमवलं? मी बुटांच्या तळाची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या एका आईला आत बोलावून म्हणाल्या, “हे परत सांगा.”

तुमच्या घरी अडचण वेगळी असेल. पण जो नाही म्हणतोय त्याला ‘का’ ते विचारून बघा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मला थांबणं सगळ्यात अवघड गेलं.

कणगीजवळ

अंजू वर्षाची झाली आणि उभी राहीना. बरोबरीची पोरं ओट्यावरून पडून गुडघे फोडून घेत होती, ही बसल्या जागी सरकायची. बाई म्हणाल्या, थोडा उशीर होतो, वाट बघा. मी वाट बघत होते, म्हणजे रोज सकाळी तिला दोन्ही काखांत धरून उभी करायची, आणि ती रोज पाय वर घ्यायची. मला आत कुठेतरी वाटायला लागलं होतं की पाय सरळ झाले पण चालणार नाहीत. हे मी कुणाला बोलले नव्हते. सासूबाईंनाही तेच वाटत असावं, कारण त्यांनी शेजारच्या पोरांना आमच्या ओट्यावर खेळायला मनाई केली होती.

परत भात आला. खळ्यावरचा शेवटचा भात कणगीत पडला त्या संध्याकाळी सासूबाई कणगीचं तोंड शेणाने लिंपत होत्या. मी अंजूच्या पायात बूट घालून तिला खाटेवर ठेवलं आणि चुलीकडे भाकरी थापायला बसले. ती दांडीने खाटेच्या कडेवर टकटक करत होती. मग टकटक थांबली.

मी वळून बघितलं. ती खाटेवरून घसरून खाली उतरली होती. दांडी फरफटवत कणगीपर्यंत गेली होती. तिने दोन्ही हातांनी कणगीच्या बांबूला धरलं, एकदा ढुंगण आपटलं, परत जोर लावला, आणि उभी राहिली. दोन्ही पाय फाकून, दांडीच्या दोन टोकांना. दोन्ही टाचा खाली. बुटांचे तळवे सरळ जमिनीवर, कणगीला लागून, नव्या दाण्याच्या पुढ्यात.

खरं तर मी अंजूकडे बघायला हवं होतं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांचे हात कोपरापर्यंत शेणाचे. माझ्या डोक्यात एकदम सगळं उभं राहिलं, ओट्यावरची खुंटी, बाईंचा चेहरा, परत पट्ट्या भिजवणारे काका. मी पिठाच्या हातानेच अंजूला उचलायला धावले.

“हात नको लावू!” सासूबाई ओरडल्या.

मी जागच्या जागी थांबले.

“धरशील तं बसंल ती,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “राहूदे उभी.”

अंजूने आमच्याकडे मान वळवली. एक हात सोडला. डुलली, पण पडली नाही. ती उभी होती तोवर आम्ही दोघी जागच्या हललो नाही, चुलीवरची भाकरी जळल्याचा वास आला तरी नाही. मग ती आपोआप मागे बसली आणि स्वतःवर खूश होऊन टाळ्या वाजवायला लागली. मला रडू आवरेना.

सासूबाईंनी हात धुतले. अंजूला उचलून खाटेवर घेतलं, पदराचं टोक ओलं केलं आणि बुटांचे तळवे पुसायला बसल्या, आधी एक, मग दुसरा. तळ आता कोरे नव्हते.

न विचारता राहणं मला जमत नाही. “आता काय, आये?”

“आता काय म्हंजे?” त्यांनी मान वरही केली नाही. “चालणाऱ्या पोरीच्या जोड्याला माती लागंलच. लागली तं पुसू. रोज पुसू.”